डबा दिसला पाहिजे! पँट्रीच्या कपाटाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की किराणा ठेवायचं कपाट सव्वा फुटापेक्षा जास्त डेप्थचं करू नका. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सगळे मॉड्युलर किचनवाले दोन फूट डेप्थचं टॉल युनिट दाखवतात मग तुम्ही वेगळं काय सांगताय असं बऱ्याच जणांनी विचारलंय, काहींनी किचनचे फोटो पाठवलेत, आणि गोरेगावच्या एका काकूंनी तर घरातल्या सगळ्या डब्यांची उंचीसकट यादी पाठवलीय. मला ती यादी फार आवडली, खरं तर कपाटाचं काम तिथूनच सुरू व्हायला हवं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, काही थोडे छोटे केलेत.

प्रश्न : ताई, आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतून आता नवीन टॉवरमध्ये राहायला आलोय. १६० चौरस फुटांच्या खोलीत भिंतीवरची मांडणी, खाली पिंप आणि वर माळा एवढ्यावर सगळं भागवलं. आता ५०० चौरस फुटांचं घर, किचन वेगळं, ७ बाय ८ चं. किचनवाल्याने एका बाजूला ओटा आणि समोरच्या भिंतीला २२ इंच डेप्थचं, ७ फूट उंच पँट्री युनिट सांगितलंय, आत बाहेर ओढायच्या जाळ्या आहेत. दिसायला मस्त आहे पण खर्च खूप सांगतोय. घरात सहा माणसं. घेऊ का? (एक वाचक, वरळी)

उत्तर : आधी नव्या घराच्या शुभेच्छा! आता सरळ सांगते, तुमच्या किचनमध्ये २२ इंची युनिट घेऊ नका. टेप घेऊन जमिनीवर खडूने आखून बघा म्हणजे पटेल. ७ फुटांतले २ फूट ओट्याला गेले, समोर १ फूट १० इंच कपाटाला गेले, मधे राहिले ३ फूट २ इंच. आता जाळी पूर्ण बाहेर ओढली की ती दीड फुटाच्या वर पुढे येते, म्हणजे तुम्हाला उभं राहायला जेमतेम दीड फूट आणि पाठ ओट्याला, बहुतेक पेटलेल्या गॅसच्याच बाजूला. सकाळी एक जण पोळ्या करतोय, एकाला डब्यात भाजी भरायचीय आणि तिसऱ्याला साखर हवीय, अशा वेळी हे चालणार नाही. त्याच भिंतीला १४ इंच डेप्थचं कपाट केलंत तर मधे ३ फूट १० इंच राहतात आणि साध्या शटरवर काम होतं. कपाट ३ फूट रुंद असेल तर दीड-दीड फुटाची दोन शटरं ठेवा, एकच मोठं शटर नको, ते उघडायलाच सगळी जागा खातं.

मग सामान मावेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणारच. मावतं. १४ इंची कपाटात प्लायची जाडी, मागची पाटी आणि शटर वजा जाता आत साडेबारा-तेरा इंच मिळतात, त्यात मोठा डबा एक ओळ आणि लहान डबे दोन ओळी बसतात, बस, त्याच्या मागे काही लपत नाही. दोन फुटांच्या कपाटात मागे तिसरी ओळ तयार होते आणि ती ओळ कोणीच बघत नाही. हरभऱ्याची डाळ संपली म्हणून आपण आणतो आणि दिवाळीच्या साफसफाईत मागून आधीचं पाकीट निघतं, किड्यांची जाळी धरलेलं. म्हणून मी डेप्थवर एवढा जोर देते, डबा उघड्या डोळ्यांनी दिसला पाहिजे, हात घातल्यावर पहिल्यांदा तोच लागला पाहिजे. लहान बाटल्यांच्या कप्प्यात मागच्या अर्ध्या भागाला दोन-तीन इंच उंचीची लाकडी पायरी करून घ्या, सुतार उरलेल्या तुकड्यांतून करून देतो, मागची ओळ लगेच वर दिसते.

आता डब्यांचा हिशोब, कारण कपाट किती मोठं हवं हे त्यावरच ठरतं. तांदूळ, साखर, डाळी यांना किलोमागे साधारण सव्वा लिटर जागा लागते. गव्हाच्या पिठाला मात्र पावणेदोन ते दोन लिटर. पोह्यांना अडीच-तीन लिटर, आणि चुरमुरे तर विचारूच नका. म्हणजे १० किलो तांदूळ १३ लिटरच्या डब्यात बसतील पण १० किलो पिठाला २० लिटरचा डबा हवा. लोक किलोवर डबा घेतात आणि मग अर्धं पीठ पिशवीतच राहतं, पिशवी कपाटात कुठेतरी कोंबली जाते. तुम्ही सहा जण आहात, महिन्याचा किराणा एकदा सगळा जमिनीवर मांडा, डबे लावा, मग कप्प्यांच्या उंच्या ठरवा. शक्य असेल तिथे चौकोनी डबे घ्या, गोल डबे शेजारी शेजारी ठेवले की कोपऱ्यांमधे पाचवा हिस्सा जागा फुकट जाते (घरातले आईचे पितळी आणि स्टीलचे गोल डबे टाकून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते खालच्या मोठ्या कप्प्यात छान बसतात).

कप्पे सगळे सारख्या उंचीचे करू नका, ही चूक जवळजवळ प्रत्येक ड्रॉइंगमधे दिसते. मसाल्याच्या बाटल्यांना ७ इंच पुरतात, किलोच्या डब्यांना १० इंच, पीठ-तांदळाला १६-१८ इंच. बाजूच्या पाट्यांना ओळीने भोकं पाडून पिनांवर कप्पे ठेवायला सांगा म्हणजे पुढे बदलता येतात. जड सगळं गुडघ्यापासून कंबरेपर्यंत, तांदूळ, पीठ, तेलाचा ५ लिटरचा कॅन. रोजचं कंबरेपासून डोळ्यांपर्यंत. त्याच्या वर पापड, कुरडया, सांडगे, शेवया असलं हलकं. वरची मर्यादा कशी ठरवायची तर घरात रोज स्वयंपाक जी व्यक्ती करते तिला भिंतीपाशी उभं करा, टाच न उचलता हात वर करायला सांगा आणि पेन्सिलने खूण करा, त्याच्या वर रोजचं काहीही नको. आणि एक कप्पा रिकामा सोडा, खरंच रिकामा. गणपतीला पाहुणे येतात, दिवाळीत फराळाचे डबे येतात, ते दरवर्षी डायनिंग टेबलावर नाहीतर फ्रीजवर का राहतात, तर कपाट पहिल्याच दिवशी ठासून भरलेलं असतं.

३ फूट रुंदीच्या कप्प्याला मधे आधार हवाच. १८ मिमीचा प्लायसुद्धा धान्याच्या वजनाने दोन फुटांच्या पुढे हळूहळू वाकतो. उंच कपाट भिंतीला पक्कं केल्याशिवाय एकही डबा ठेवू नका, मुलं कप्प्यावर पाय देऊन चढतात. नवीन टॉवरमध्ये बऱ्याच ठिकाणी भिंती काँक्रीटच्याच असतात, तिथे भोक पाडायला हॅमर ड्रिल लागतं आणि कोनाडा करायला भिंत फोडायची तर परवानगीच नसते, ती फोडूही नये. काही भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्यांना स्क्रू धरायला वेगळा प्लग लागतो, साधा प्लग वजनाने सुटून येतो. तुमची भिंत कोणती ते सोसायटीला किंवा बिल्डरच्या माणसाला विचारा आणि मग सुताराला सांगा.

बाहेर ओढायची पँट्री अगदीच वाईट असं नाही. फ्रीजच्या बाजूला फूटभर रुंदीची फट उरलीय, डेप्थ दोन फूट आहेच, तिथे ती उत्तम, कारण तिथे दुसरं काही बसतच नाही. फक्त घेताना जाळी एसएस ३०४ ची (स्टेनलेस स्टीलचा चांगला प्रकार) आहे का आणि पूर्ण फ्रेमला किती किलो वजन चालतं हे बिलावर लिहून घ्या. क्रोम चढवलेल्या लोखंडी जाळ्या मुंबईच्या हवेत गंजतात, समुद्राजवळ वरळीला तर लवकरच.

प्रश्न : प्लाय घ्यावा, एचडीएचएमआर (ओल सोसणारा दाट फायबर बोर्ड) घ्यावा की पीव्हीसी? प्रत्येक दुकानदार वेगळं सांगतो. (घाटकोपर, कांदिवली, चेंबूर अशा बऱ्याच वाचकांचा प्रश्न)

उत्तर : पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ (दोन्ही लाकडाचा चुरा, तंतू दाबून केलेले बोर्ड) हे दोन किचनमधून बाहेर काढा, पाणी लागलं की फुगतात आणि परत बसत नाहीत. बाकी राहिलेल्यांत किराण्याच्या कपाटाला माझी पसंती प्लायला, स्क्रू चांगला धरतो आणि वजन पेलतो. प्लायवर छापलेला आयएसआयचा शिक्का आणि आकडा बघा. आयएस ३०३ मधे एमआर (फक्त दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) असे दोन प्रकार येतात, एमआर म्हणजे ज्याला दुकानात कमर्शियल म्हणतात तो, तो किचनला नको. आयएस ७१० म्हणजे मरीन. बीडब्ल्यूआरच्या डिंकाची परीक्षा ८ तास उकळत्या पाण्यात होते आणि मरीनची ७२ तास, फरक यातच आला. सिंकखालच्या आणि ओट्याखालच्या कामाला मरीन घ्या, उंच कोरड्या पँट्रीला खरा बीडब्ल्यूआर पुरतो, सगळीकडे मरीन लावून खर्च वाढवायची गरज नाही. तो वाचलेला पैसा बिजागऱ्या आणि चॅनलमधे (ट्रॉली ज्यांवर सरकते त्या पट्ट्या) घाला.

एचडीएचएमआर शटरला चांगला, सपाट राहतो, पेंट छान बसतो, पण जड असतो त्यामुळे उंच शटरला तीन-चार बिजागऱ्या लागतात. पीव्हीसी, डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा मिसळलेलं प्लास्टिक) पाण्याला घाबरत नाही पण लांब कप्प्याला वजनाने वाकतो.

अजून एक, कारागिरांना आतून पांढरं किंवा फिकट लॅमिनेट लावायला सांगा. गडद लाकडी रंग फोटोत चांगला दिसतो पण आत मुंगी, झुरळ, सांडलेलं पीठ काही दिसत नाही. आणि प्लायच्या सगळ्या कडा, न दिसणाऱ्यासुद्धा, मागच्या, खालच्या, पट्टी लावून बंद झाल्या पाहिजेत, ओल तिथूनच शिरते. काम झाल्यावर फेविकॉल, लॅमिनेटचा वास जाईपर्यंत कपाट उघडं ठेवा, लगेच किराणा भरू नका, पीठ आणि चहापत्ती वास पटकन ओढून घेतात.

प्रश्न : आमची बिल्डिंग जुनी आहे, दहिसरला. पावसाळ्यात किचनच्या बाहेरच्या भिंतीला ओल येते. मागच्या वर्षी त्याच भिंतीला कपाट केलं आणि जुलैमधे मागे बुरशी, पोहे मऊ, मिठाला पाणी. कपाट काढून टाकू का?

उत्तर : काढायच्या आधी ओल कुठून येतेय ते बघा. रिकाम्या भिंतीवर प्लास्टिकचा मोठा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून दोन दिवस चिकटवून ठेवा. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतूनच येतंय. बाहेरच्या, आपल्याकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतली दमट हवा आहे, कुकरची वाफ आहे, तिथे एक्झॉस्ट फॅनने बरंच काम होईल.

भिंतीतून येत असेल तर आतून कितीही वॉटरप्रूफ पेंट मारा, तो एक-दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. बाहेरून क्रॅक भरणं, प्लास्टर, पाइपचे सांधे, हे सोसायटीकडून पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमधेच करून घ्यायचं काम. मुंबईत पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, तुमची भिंत पश्चिमेला किंवा दक्षिणेला उघडी असेल तर झड सरळ तिच्यावरच बसते. त्या भिंतीला किराणा नकोच, तिथे भांडी, कढया, परातींची मांडणी करा आणि किराणा घराच्या आतल्या भिंतीला न्या, किचनमधे नसेल जागा तर पॅसेजमधे सुद्धा चालतो, फूटभर डेप्थचं कपाट पॅसेजमधे कोणाच्या वाटेत येत नाही.

दुसरी भिंतच नसेल तर कपाट भिंतीपासून दीड इंच पुढे घ्या, खाली चार इंचाचे पीव्हीसी पाय, वर छताला न भिडवता मोकळं, म्हणजे मागून हवा खेळते. मागच्या पाटीलाही दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावा. बाथरूमला लागून असलेली भिंतसुद्धा अशीच तपासा. मीठ, गूळ, साखर, पापड घट्ट झाकणाच्या बरणीत आणि ओल्या चमच्याला घरात पूर्ण बंदी, निम्मी ओल आपणच चमच्याने आत नेतो. ड्राय बाल्कनीत (किचनला लागून असलेली धुण्या-भांड्यांची बाल्कनी) धान्य ठेवायची कल्पना काही जणांनी लिहिलीय, नको, नाव ड्राय असलं तरी पावसाची झड आत येतेच.

प्रश्न : ताई, आमचं घर हिंदमाताजवळ तळमजल्यावर. जोरात पाऊस झाला की घरात पाणी येतं, कधी घोट्यापर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत. पँट्री करावी की नाही हेच कळत नाही.

उत्तर : करायची, पण जमिनीपासून दोन-अडीच फूट लाकूड अजिबात नको, मरीन प्लायसुद्धा नको. पूर्वीच्या ओट्यांखाली असायचे तसे कडप्प्याचे कप्पे करा. कडप्पा पाण्यात राहिला तरी फुगत नाही, वाळवी लागत नाही, पाणी ओसरलं की धुऊन पुसून मोकळे. फक्त तो चुनखडीचा दगड आहे, लिंबाचं लोणचं किंवा व्हिनेगर सांडलं की डाग पडतो, लगेच पुसायचं. या खालच्या कप्प्यांत फक्त भांडी, पातेली. शटर लावायचंच असेल तर ॲल्युमिनियम फ्रेमचं. किराण्याचं कपाट त्याच्या वर सुरू करा आणि ते भिंतीला पक्क्या ब्रॅकेटवर लटकवा, खालून आधार आहे म्हणून ब्रॅकेट वाचवू नका.

तुमच्यासाठी वजनाचा मी वर सांगितलेला नियम थोडा मोडतो, तांदूळ-पीठ कंबरेच्या उंचीवर न्यावं लागेल. म्हणून मोठे डबे न घेता पाच-पाच किलोचे दोन-तीन घ्या, उचलायला सोपे. २६ जुलै २००५ सारखा दिवस आला तर कुठलंच कपाट पुरत नाही, पण दरवर्षीच्या पाण्यात तुमचा किराणा आणि कपाट दोन्ही नक्की वाचेल. फ्रीज-मिक्सरचे सॉकेटही याच कामात वर घ्या, ते किराण्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

प्रश्न : भाड्याचं घर, अंधेरी, ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट. मालक भिंतीला खिळा मारू देत नाही. आम्ही दोघंच.

उत्तर : फर्निचर करूच नका. १२ इंच डेप्थचा, नटबोल्टचा स्टील रॅक घ्या, उघडून टेम्पोत टाकून पुढच्या घरी नेता येतो आणि कप्पे वरखाली करता येतात. पावडर कोटिंगवाला घ्या. समोर धूळ नको म्हणून जाड कापडाचा पडदा पुरतो. जड सामान सगळ्यात खाली ठेवलं की रॅक डोलत नाही, आणि रॅक दोन भिंतींच्या कोपऱ्यात सरकवून ठेवा. दोघांसाठी महिन्याचा किराणा एकदम भरायची गरज पण नाही, खाली दुकान आहेच, १५ दिवसांचा भरा, निम्मी साठवण तिथेच कमी होते.

प्रश्न : आम्ही वेसाव्याचे. पावसाळ्यासाठी सुके बोंबील, सोडे, जवळा भरून ठेवतो. नवीन कपाटात सगळ्याला वास लागला, चहासुद्धा मासळीचा लागतो म्हणून सून चिडते. काय करू?

उत्तर : काकू, सुकी मासळी कपाटातच नको, तिला स्वतंत्र खण द्या. ओट्याच्या एका टोकाला, गॅसपासून लांब, ओट्याखाली एक छोटा खण कडप्प्याचा किंवा स्टीलचा, ज्याची मागची-बाजूची पाटी इतर कपाटाशी सामायिक नाही. लाकूड आणि प्लाय वास धरून ठेवतात, स्टील आणि दगड पुसला की मोकळा. मासळी आधी मेमधल्या कडक उन्हात परत खडखडीत वाळवा, दुकानातून आणलेली सुद्धा, मग जाड पिशवीत हवा काढून, ती पिशवी रबरी कडेच्या झाकणाच्या डब्यात. पावसाळ्यात ज्या दिवशी चांगलं ऊन पडेल त्या दिवशी एकदा बाहेर काढा. जवळा आणि सोडे थोडे असतील तर फ्रीजरमधे उत्तम राहतात. ज्या कपाटात वास बसलाय ते रिकामं करून कोमट पाण्यात सोडा घालून पुसा आणि शटर उघडी ठेवून फॅन लावा, एकदा पुसून जाणार नाही, चार-पाच वेळा करावं लागेल. चहा, कॉफी काचेच्या घट्ट बरणीत हलवा म्हणजे सूनबाईंचा आजचा प्रश्न आजच सुटेल.

याच्याच जोडीला, लालबागहून वर्षाचा मसाला कुटून आणणाऱ्यांनी विचारलंय की मसाला काचेच्या शटरच्या कपाटात ठेवावा का. नको. उजेडाने मिरचीचा रंग उतरतो. अंधाऱ्या, थंड कप्प्यात, गॅसच्या आणि फ्रीजच्या बाजूला नाही (फ्रीज मागून-बाजूने गरम हवा सोडतो हे विसरतो आपण), खडा हिंग घालून दाबून भरलेली बरणी, आणि रोजच्यासाठी छोट्या बाटलीत थोडा काढून घ्यायचा.

प्रश्न : सासूबाईंचे गुडघे दुखतात, मला पाठीचा त्रास. मुलुंडला एल आकाराचा ओटा आहे, खाली कोपऱ्यात सगळं अडकून पडतं. कोपऱ्यातून फिरून बाहेर येणारी महागडी जाळी लावावी का?

उत्तर : कोपरा सोडून द्या. मनापासून सांगतेय, त्या कोपऱ्यात वर्षातून दोनदा लागणारी मोठी पातेली, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, इडलीचा कुकर जाऊ दे. तेच पैसे ओट्याखालच्या सरळ भागात पूर्ण बाहेर येणाऱ्या खोल ट्रॉल्यांवर घाला. डेप्थ जास्त असेल तिथे कप्पा नको, ट्रॉलीच हवी, कारण ट्रॉलीत मागचा डबा पुढे येतो आणि वरून सगळी झाकणं दिसतात. झाकणावर नाव चिकटवा, बाजूला नको. ट्रॉलीच्या चॅनलला वजनाची मर्यादा असते, ३० किलोचं, ५० किलोचं असं मिळतं, धान्याच्या ट्रॉलीला ५० किलोचंच घ्या. आणि सगळ्यात खालच्या ट्रॉलीत धान्य नको, वाकावं लागतं, तिथे बटर पेपर, फॉइल, जास्तीचे टिफिन ठेवा. सासूबाईंना बसून काम करायला सोपं पडत असेल तर त्यांचं रोजचं, म्हणजे चहा, साखर, पोहे, दाण्याचं कूट, खुर्चीत बसून हात जाईल त्या उंचीला. त्यांना विचारून ठरवा, ड्रॉइंग फायनल व्हायच्या आधी.

प्रश्न : कपाट नवीन, डबे नवीन, तरी तांदळात टोके आणि रव्यात अळ्या. आई पाऱ्याच्या गोळ्या टाकायची. कपाटात डांबर गोळ्या ठेवल्या तर चालतील का?

उत्तर : दोन्ही नाही. पारा विषारी आहे, धान्यात घालायची वस्तूच नाही. डांबर गोळ्या अन्नाजवळ कधीच नको. आणि गोदामात धान्याला लावतात त्या फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी आणून दिल्या तर घरात घेऊसुद्धा नका, त्यातून निघणाऱ्या गॅसने माणसं दगावतात.

किड्यांची अंडी बहुतेक वेळा दुकानातूनच दाण्यात येतात, कपाट त्यांना अडवू शकत नाही, उबदार दमट हवेत ती फक्त लवकर वाढतात. रवा आणला की भाजून गार करून भरा. पीठ, बेसन, मैदा कमी असेल तर चार दिवस फ्रीजरमधे ठेवून मग डब्यात. तांदूळ-डाळीला एरंडेल तेलाचा हलका हात, किंवा सुकवलेला कडुलिंबाचा पाला. जुन्या तांदळावर नवे कधीच ओतू नका, डबा रिकामा करून, धुऊन, उन्हात वाळवून मगच भरा. ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके कपाटात ठेवू नका, झुरळं त्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत राहतात आणि अंडी घालतात. कपाटाच्या मागे पाइप जायला पाडलेली भोकं सिलिकॉनने बंद करा, झुरळांचा रस्ता तोच.

प्रश्न : पँट्रीच्या खालच्या कप्प्यात गॅसचा सिलिंडर ठेवता येईल का? शटर लावून छान दिसेल.

उत्तर : किराण्यासोबत बंद कपाटात नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो आणि बंद कपाटात वास उशिरा येतो. सिलिंडर उभा, ओट्याखाली मोकळ्या जागेत, शटर असेल तर खाली आणि वर जाळी हवीच. पाइप गॅस असेल तर तो हवेपेक्षा हलका, वर जातो, पण तिथेही वाल्व्ह आणि मीटर कपाटात कोंडू नका. एका फ्लॅटमधे मी मीटरसमोर फिक्स पॅनल बघितलंय, वाल्व्ह बंद करायचा तर आधी स्क्रू काढायचे! हात सरळ पोचला पाहिजे.

प्रश्न : कांदे-बटाटे पँट्रीत कुठल्या कप्प्यात? (गोरेगाव, डब्यांची यादी पाठवणाऱ्या काकू)

उत्तर : काकू, तुमच्या यादीत ३५ सेंटीमीटर उंचीचे दोन डबे आहेत, त्यांच्या कप्प्याला मी १६ इंच लिहिलंय, सुतार १४ म्हणेल, ऐकू नका, डबा वर उचलून काढायला दोन बोटं जागा लागते. कांदे-बटाटे मात्र कपाटाच्या बाहेर. दोन्ही एकत्र तर मुळीच नको, कांद्याला मोकळी हवा हवी आणि बटाट्याला अंधार, उजेडात बटाटा हिरवा होतो आणि हिरवा भाग खायचा नसतो. कांद्याला जाळीची टोपली खिडकीजवळ, बटाट्याला तागाची पिशवी ओट्याखाली. दोन-तीन दिवसांनी हात घालून बघायचं, पावसाळ्यात रोज.